उन्हातला वारा आणि तीन चाकांची गाडी

नांदेडहून हिंगोलीला निघालेल्या माणसाला वारंगा फाटा ओलांडूनच पुढे जावे लागते. अर्धापूर, डोंगरकडा मागे पडले की हा फाटा येतो. इथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीकडे वळतो आणि दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे जातो. मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दोघे शिक्षक या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभे होतो. अंगावर घाम दिसत नव्हता, पण ओठ सुकले होते. डांबरावरची हवा थरथरत होती.

एस.टी. काही आली नाही. आली ती एक वेगळीच गाडी. पुढून पाहिले तर मोटरसायकल. मागे मात्र एका चाकाऐवजी दोन चाके आणि त्यांवर लोखंडी हौदा. हौद्यात टरबुजे. वर छप्पर नाही. मालाच्या गाडीत माणसांनी बसणे नियमाला धरून नाही, हे आम्हाला ठाऊक होते; तरी उन्हाला कंटाळून आम्ही बाळापूरपर्यंत बसलो. गाडी सुरू होताना आमच्यातला एक जण म्हणाला, “चला मामा, आता वारा तरी लागेल.” चालक हसला. म्हणाला, “गुर्जी, हे वारं नाई, लोहाराचा भाता हाय. गाडी जेवढी पळंल तेवढा भाता.”

पुढच्या पाच मिनिटांत त्याचे म्हणणे आम्हाला चेहऱ्यावर पटले. अर्ध्या वाटेवर त्याने गाडी एका लिंबाखाली घेतली. “इंजन तापलंय, जरा इसावा देऊ,” म्हणाला. इंजिन सावलीत, आणि तो स्वतः मात्र चाकाची हवा पाहत उन्हात! तेवढ्या वेळात तो पाणीही प्यायला नाही.

त्या दुपारपासून एक प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. एकच वारा इंजिनाला थंड करतो आणि माणसाला तापवतो, हे कसे? आणि तीन चाकांच्या मोटारीच्या जवळजवळ दीडशे वर्षांच्या इतिहासात इंजिनाच्या थंडाव्याचा एवढा विचार झाला, तसा चालकाच्या थंडाव्याचा का झाला नाही?

वजाबाकीतले चिन्ह

१७०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात उष्णतेच्या मोजपट्टीविषयी एक लॅटिन लेख निनावी छापून आला. लेखक होता आयझॅक न्यूटन. तापवलेला लोखंडाचा तुकडा किती वेगाने निवतो, हे त्याने पाहिले होते. हा तुकडा त्याने स्थिर हवेत नव्हे, तर एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवला होता, हे विशेष. त्यातून आलेला नियम आपण दहावीनंतर शिकवतो: वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांत जेवढा फरक, तेवढा निवण्याचा वेग.

या नियमात वाऱ्याचे काम काय? वाऱ्याला स्वतःचा असा थंडपणा नसतो. तो फक्त देवघेव जलद करतो. उष्णता कुठून कुठे जायची, हे तापमानांची वजाबाकी ठरवते.

आता हीच वजाबाकी करून पाहू. मोटरसायकलच्या इंजिनाच्या पात्यांचे तापमान १७० अंश सेल्सिअस मानू या. हवा ३० अंशांची असेल तर फरक १४०. हवा ४४ अंशांवर गेली तर फरक १२६. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी इंजिनाचा थंडावा फक्त दहा टक्क्यांनी कमी झाला. १७० अंशांच्या लोखंडाला ४४ अंशांचा वारा गारच!

माणसाच्या त्वचेचे तापमान मात्र ३५ अंशांच्या आसपास असते. हवा ३० अंशांची असताना फरक अधिक ५. हवा ४४ अंशांची झाली की उणे ९. इथे थंडावा दहा टक्क्यांनी कमी झाला नाही, चिन्हच उलटले. वारा आता उष्णता नेत नाही, आणून देतो. गाडी जेवढी जोरात, तेवढी जास्त. भात्याची उपमा देणाऱ्या त्या चालकाने शाळेत न्यूटन शिकला असेल-नसेल, पण त्याचे निरीक्षण अचूक होते.

भात्याचा खरा प्रयोग

हे निरीक्षण अगदी खरोखरीच्या भात्याने एकदा तपासले गेले आहे. १७७४ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी खोल्या भट्टीसारख्या तापवल्या आणि चार्ल्स ब्लॅग्डेन, जोसेफ बँक्स वगैरे मंडळी त्यांत जाऊन उभी राहिली. सर्वांत तापलेल्या खोलीतली हवा १२० अंश सेल्सिअसच्याही वर होती, म्हणजे पाणी उकळते त्याहून अधिक. ब्लॅग्डेन तिथे काही मिनिटे राहून सुखरूप बाहेर आला. बरोबर नेलेली अंडी मात्र वीस मिनिटांत कडक शिजली. मांसाचा एक तुकडा ४७ मिनिटांत शिजून कोरडा झाला. मग दुसऱ्या तुकड्यावर त्यांनी भात्याने तीच गरम हवा फुंकली, तेव्हा तो १३ मिनिटांतच शिजला.

भात्यातली हवा खोलीतल्या हवेहून गरम नव्हती. ती फक्त वाहती होती. आपल्या चालकाचा भाता तो हाच.

मग मांस शिजले आणि माणूस कसा वाचला? मंडळींनी त्याचाही शोध घेतला. दोन भांड्यांत पाणी ठेवले. एकातल्या पाण्यावर तेलाचा थर दिला. तेलाखालचे पाणी उकळू लागले. उघडे पाणी मात्र त्याच खोलीत उकळीपर्यंत पोचलेच नाही. उघड्या पाण्याची वाफ होत होती आणि वाफ होताना ते स्वतःची उष्णता गमावत होते. माणसाच्या अंगावर घामाचे हेच चालते. ब्लॅग्डेनने हा वृत्तांत १७७५ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडचा माठ हीच गोष्ट त्याआधी कित्येक शतके सांगत होता, ती निराळी गोष्ट.

पहिली तीनचाकी घाम गाळत होती

तीन चाकांची गाडी म्हणजे कमी प्रतीची गाडी, असे आपल्याला उगीच वाटते. पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारगाडी तीनचाकीच होती. जर्मनीतील मानहाइम गावच्या कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. चार चाकांच्या गाडीची पुढची दोन्ही चाके नीट वळवण्याची युक्ती त्याला समाधानकारक वाटेना, म्हणून त्याने पुढे एकच चाक ठेवले. शिवाय तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत. आपली चूल तीन दगडांची असते, ती याच कारणाने.

या गाडीचे इंजिन थंड राहायचे ते चक्क घाम गाळून! सिलिंडरभोवती पाणी असे, ते तापून त्याची वाफ होई आणि वाफेबरोबर उष्णता निघून जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन या गाडीने मानहाइमहून फोर्टस्हाइमला गेली. सुमारे शंभर किलोमीटरच्या या प्रवासात तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. इतिहासातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा असा जागोजागी पाणी पीत झाला. गाडीने पाणी प्यायले, हे लक्षात ठेवू या.

यापुढचा इंजिनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी थंडाव्याचा इतिहास आहे. कारण साधे आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा सुमारे पाव भागच चाक फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. ती नेली नाही तर इंजिन जळते. १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, आणि तेच तेच पाणी पुन्हा थंड होऊन वापरता येऊ लागले. मोटरसायकलचे इंजिन उघड्यावर असते, म्हणून त्याला धातूची पाती दिली: पृष्ठभाग वाढला की वाऱ्याला देवघेव सोपी.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत कोराडिनो दास्कानिओ या हेलिकॉप्टरच्या अभियंत्याने पिआजिओ कंपनीसाठी ‘व्हेस्पा’ स्कूटर काढली. साल १९४६. स्कूटरचे इंजिन पत्र्याखाली झाकलेले. तिथे वारा पोचणार कसा? म्हणून इंजिनाच्या फिरत्या जड चाकालाच पंख्याची पाती बसवली. इंजिन चालू आहे तोवर पंखा चालू. गाडी उभी असली तरीही. ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. दोनच वर्षांत तिला मागे दोन चाके आणि हौदा जोडून तीनचाकी निघाली. तिचे नाव ‘आपे’, म्हणजे मधमाशी. आपण आज जिला ‘ॲपे’ म्हणतो, ती हीच. १९९९ पासून ती बारामतीला तयार होऊ लागली आणि मराठवाड्यातल्या फाट्या-फाट्यांवर दिसू लागली.

‘रिक्षा’ या शब्दातला माणूस

आपल्याकडे तीन चाकांची मोटार आली ती मात्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. १८७० च्या सुमारास जपानमध्ये माणसाने ओढायची गाडी निघाली. तिचे नाव ‘जिन-रिकि-शा’. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. हिंदुस्थानात येता येता पहिला शब्द गळाला आणि ‘रिक्षा’ उरली. गाडी ओढणारा माणूस मात्र तिथेच होता, अनवाणी, उन्हात.

हे थांबावे असे वाटणाऱ्यांत नवलमल कुंदनमल फिरोदिया हे एक होते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला होता. १९४८ साली त्यांनी इटलीची तीनचाकी मालगाडी मागवून तिच्यात माणसांसाठी बैठक केली आणि मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दाखवली. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी त्याच वर्षी परदेशी दुचाकी-तीनचाकी आणून विकू लागली. १९५९ साली तिला देशात उत्पादनाचा परवाना मिळाला आणि १९६० पासून ती ‘बजाज ऑटो’ म्हणून ओळखली जाऊ लागली. फिरोदियांनी १९५८ साली जर्मनीच्या ‘टेंपो’ कंपनीच्या सहकार्याने बजाज टेंपो काढली. तिची तीनचाकी मालगाडी एवढी पसरली, की कोणत्याही लहान मालमोटारीला आपण ‘टेंपो’ म्हणू लागलो. पुढे, २००५ साली, कंपनीने नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केले, तरी आपला टेंपो टेंपोच राहिला.

१९४८ साली वारंगा फाटा मुंबई प्रांतात नव्हताच. तो हैदराबाद संस्थानात होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते संस्थान भारतात सामील झाले. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरची ही नवलाई इकडे यायला बराच काळ जावा लागला.

या बदलाने माणसाचे किती भले झाले, तेही मोजता येते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे एका जुन्या मोठ्या बल्बएवढी. गाडी ओढण्यासारख्या जड कामात ती ४०० ते ५०० वॅटपर्यंत जाते. मोटारीच्या चालकाला १५० वॅट धरू. म्हणजे इंजिनाने माणसाच्या अंगातली जवळजवळ ३०० वॅटची भट्टी विझवली. ही लहान गोष्ट नव्हे. माथेरानला हाताने ओढायच्या रिक्षा इतकी वर्षे चालत राहिल्या; त्या सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला. फिरोदियांच्या तीनचाकीनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

पण आतली भट्टी विझली तरी बाहेरची उरली. जुन्या ऑटोरिक्षात इंजिन पुढच्या भागात, चालकापाशीच असे. मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ साली आली. इंजिनाला पंखा होता, पाती होती, तेल होते. चालकाला वर काळा ताडपत्रीचा टप आणि अंगावर खाकी सदरा. आमच्या फाट्यावरच्या मोटरसायकलवाल्याला तर टपही नव्हता. शब्दातला माणूस गळाला, तसा आराखड्यातलाही गळाला की काय, असे वाटते.

चालकाचा हिशेब

४४ अंशांच्या दुपारी उघड्या तीनचाकीवर बसलेल्या माणसाचा ढोबळ हिशेब मांडू. त्याच्या शरीरातली उष्णता १५० वॅट. उन्हातून, सदऱ्यावरून आणि तापलेल्या डांबरावरून २०० वॅट धरू. वाऱ्याने आणलेली आणखी २०० वॅट. एकूण ५५० वॅट, म्हणजे तासाला सुमारे १९८० किलोज्यूल. ही सारी उष्णता घामानेच बाहेर जायला हवी, कारण दुसरा मार्ग बंद आहे. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते. म्हणजे तासाला पाऊण लिटरहून जास्त पाणी केवळ थंडाव्यासाठी खर्च झाले. चार तासांत तीन लिटरहून अधिक.

घाम थांबला तर? ७० किलोच्या माणसाचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे २४५ किलोज्यूल पुरतात. बाहेरची उष्णता सोडून नुसती शरीरातली १०० वॅट धरली, तरी तासाभरात ताप दीड अंशाने चढेल. बाहेरची धरली तर काही मिनिटांचाच प्रश्न. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, की तो उष्माघात. तिथे मेंदू, मूत्रपिंड आणि जीव, सगळेच पणाला लागते.

यात दोन फसवणुकी आहेत. पहिली घामाची. मराठवाड्यातली मेची हवा कोरडी असते. वारा लागला की घाम उमटतो न उमटतो तोच उडून जातो. अंग कोरडे दिसते आणि चालकाला वाटते, आपल्याला घाम येतच नाही. प्रत्यक्षात पाणी वाहतच असते.

दुसरी फसवणूक तहानेची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील शास्त्रज्ञ एडवर्ड ॲडॉल्फ याने वाळवंटात सैनिकांवर अभ्यास केला; तो १९४७ साली ग्रंथरूपाने आला. कमी पाण्यावर राहायची सवय लावता येते, हा समज त्याने खोटा ठरवला. शिवाय दिसले ते असे: पाणी हाताशी असूनही माणसे घामाने गेले तेवढे पीत नाहीत. तहान उशिरा लागते आणि लवकर भागते. आजच्या विजेवर चालणाऱ्या अनेक तीनचाकींत बॅटरी तापली की यंत्रणा आपोआप वीज तोडते. चालकाची तहान एवढी तत्पर नसते.

दस्ती ओली करा

सुदैवाने कोरड्या हवेतच उपायही आहे. हवा ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २५ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे ओल्या कापडापाशी वजाबाकीचे चिन्ह पुन्हा आपल्या बाजूचे होते! आमच्याकडचे जुने शेतकरी डोक्याला आणि मानेला ओली दस्ती गुंडाळत. त्यामागचे विज्ञान हेच. तोच वारा, तीच गाडी. फक्त मधे पाणी आले. कोकणपट्टीत हवा ३६ अंशच असते, पण आर्द्रता ६५ टक्के असेल तर ओला तापमापक ३० अंशांखाली उतरत नाही. म्हणून तिथला कमी आकड्याचा उन्हाळाही घातक ठरू शकतो. नुसता पंखा सगळीकडे तारत नाही. हवा ४० अंशांवर गेली की पंख्यावर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

सकाळच्या शाळेच्या दिवसांत हा प्रयोग वर्गात करता येईल. माठातले गार पाणी तीन सारख्या बाटल्यांत भरा. पहिली आडोशाला, दुसरी टेबलपंख्यासमोर, तिसरी ओले फडके गुंडाळून पंख्यासमोर. दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. आधी मुलांना अंदाज करू द्या. बहुतेक जण म्हणतील, पंख्यासमोरची गार राहील. आकडे आल्यावर होणारी चर्चा हाच खरा पाठ. फडके वाळू दिले तर काय होते, तेही पाहू द्या. ब्लॅग्डेनचा भाता आणि तेलाचा थर, दोन्ही याच तीन बाटल्यांत आहेत.

मुलांच्या वडिलांपैकी, मामा-काकांपैकी कुणी ना कुणी ॲपे, टेंपो किंवा अशी मोटरसायकल चालवत असते. त्यांना सांगण्यासारखे थोडेच आहे. पूर्ण बाह्यांचे सैल, सुती, फिक्या रंगाचे कपडे घाला. ते गरम वारा त्वचेपासून दूर ठेवतात. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडे पाणी प्या. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा ताक, पन्हे जवळ ठेवा. शक्य तर अकरा ते चार टाळा. कुणी असंबद्ध बोलू लागला, कोसळला, तर सावलीत नेऊन अंग ओले करा आणि मगच वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

बाळापूरला उतरल्यावर आम्ही चालकाला आमच्याजवळची पाण्याची बाटली दिली आणि हा हिशेब सांगितला. त्याने अर्धी बाटली प्याली, उरलेल्या पाण्यात दस्ती भिजवली, मानेला गुंडाळली आणि म्हणाला, “इंजनला इसावा देतो, सोताला देत नाई, हे खरं हाय गुर्जी.” मग गाडी वळवून तो पुन्हा फाट्याकडे निघाला. वर ऊन तसेच होते. दस्ती वाळेपर्यंत तरी भाता त्याच्या बाजूने चालणार होता.